चौघांची पंगत

आमच्या मॅडम मायक्रोस्कोपमध्ये डाव्या डोळ्यानं बघायच्या आणि उजवा डोळा उघडा ठेवून काउंटरवर पहारा द्यायच्या. एकाच नळीचा तो जुना मायक्रोस्कोप त्यांनी शेवटपर्यंत बदलला नाही. कंपनीचा माणूस दोन नळ्यांचं नवं मॉडेल घेऊन आला, तेव्हा त्यांनी त्यात एकदा डोकावून बघितलं आणि त्याला विचारलं, "दोन्ही डोळं ह्यात घातल्यावर माझ्या दुकानात काय चाललंय ते तू बघनार काय?" लॅबला त्या कायम दुकानच म्हणायच्या. राजारामपुरीतल्या एका गल्लीत, तळमजल्यावर ते दुकान होतं आणि त्यात मी आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं काढली. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगते. एसीत बसून काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणींच्या तर मुद्दाम तोंडावर सांगते.

मॅडम बिद्रीकडच्या शेतकरी घरातल्या. एम. डी. झाल्या, पॅथॉलॉजीच्या मोठमोठ्या परिषदांना जाऊन आल्या, पण बोलणं गावचं ते गावचंच राहिलं. इंग्रजी बोलायची वेळ आली तर उत्तम बोलायच्या आणि बोलून झाल्यावर चूळ भरल्यासारखं काहीतरी मराठीत बोलून घ्यायच्या. मी लॅब टेक्निशियनचा डीएमएलटी कोर्स करून त्यांच्याकडे लागले तेव्हा मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. "म्हाताऱ्या मानसाची शीर घावली न्हाय तर काय करतीस?" मी म्हटलं, "त्यांच्याशी गप्पा मारत बसते. हात गरम झाला की शीर वर येते." त्यांनी लगेच ॲप्रन दिला. माझ्या अम्मीला वाटलं होतं की आमच्या घरातली मुलगी म्हणून काहीतरी खोच निघेल. खोच निघाली ती पहिल्या ईदला. मी डब्यातून शीरखुर्मा नेला. मॅडमनी एक चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "साखर किती घातलीया गं हिच्यात? मानूस मारायचा इचार हाय काय?" असं म्हणत म्हणत त्यांनी डबा पुसून खाल्ला.

साखरेवरून त्यांचं सगळ्या जिल्ह्याशी भांडण होतं. उपाशीपोटी रक्त देऊन झालेल्या माणसाला पूर्वी त्या शेंगदाण्याचा लाडू द्यायच्या. पुढं पुढं ज्याची त्याची सोनोग्राफी 'लिव्हरवर चरबी' असं म्हणायला लागली, तसा त्यांनी लाडू बंद केला आणि फुटाणे सुरू केले. लोक कुरकुरले. एका पैलवान गड्यानं तर तोंडावर विचारलं की घोडा समजलासा काय आम्हाला. मॅडम म्हणाल्या, "घोड्याचं लिव्हर चांगलं आसतंय. खा गपगुमान."

मॅडमचा खरा जीव लिव्हरमध्ये अडकलेला होता. बाकीच्या तपासण्या त्या चोख करायच्या, पण लिव्हरचे आकडे आले की खुर्ची पुढं ओढून बसायच्या. कारण त्यांच्या मते लिव्हर हा सगळ्यात सोशिक आणि म्हणूनच सगळ्यात फसवा अवयव. आतून वण पडत जातात, मांस घट्ट होत जातं, तरी बाहेर हूं की चूं नाही. रिपोर्टावर लिव्हरच्या दोन आकड्यांपैकी एसजीओटी किंचित जास्त, एसजीपीटी छापील मर्यादेत. डॉक्टर म्हणणार ठीक आहे, पेशंट म्हणणार देव पावला. मॅडमना 'ठीक आहे' ह्या शब्दाचीच चीड होती.

"एकेकट्याला इचारलं तर घरातलं कुनीबी खरं सांगत न्हाय," त्या मला म्हणायच्या. "चौघांना एका पंगतीला बसीव, मग बघ कोन कुनाकडं बघंना झालंय."

हे चौघं म्हणजे पेशंटचं वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट. पहिल्या दोघांचा गुणाकार वर मांडायचा, खाली प्लेटलेट आणि एसजीपीटीचं वर्गमूळ ह्यांचा गुणाकार. भागाकार करून जे उत्तर येतं त्यावरून लिव्हरवर वण किती असतील ह्याचा अंदाज बांधता येतो. जगभरचे डॉक्टर हे गणित करतात, त्यात मॅडमचा शोध काही नाही. पण आमच्या दुकानात ते न सांगता, न मागता, प्रत्येक चाळिशीपुढच्या माणसाचं व्हायचं. उत्तर तीनच्या वर गेलं की मॅडमच्या कपाळाला आठी पडायची आणि मग त्यांचा दुसरा, जास्त बदनाम कार्यक्रम सुरू व्हायचा. त्या पेशंटला आतल्या बाकावर आडवं करायच्या आणि डाव्या बरगडीखाली हात घालून पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय का ते चाचपायच्या.

पॅथॉलॉजिस्टनं पोट तपासायचं नसतं. तसा कायदा नसेल, पण रिवाज आहे. त्यावरून शहरातले निम्मे डॉक्टर त्यांच्यावर खार खाऊन होते. मॅडम मात्र स्वतः फोन लावायच्या आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारायच्या, "पोटावर हात ठिवलास काय?" समोरचा डॉक्टर कितीही मोठा असो, त्याला पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासारखं घाम फोडणारा तो प्रश्न होता. एकदा एक जण वैतागून म्हणाला, "मॅडम, तुम्ही रक्त बघा, पोट आम्ही बघतो." मॅडम म्हणाल्या, "बघत न्हाईसा म्हनून तर मी बघतो." त्या डॉक्टरनी दोन महिने आमच्याकडे पेशंट पाठवले नाहीत. नंतर स्वतःच्या वडिलांचं रक्त घेऊन मात्र आमच्याच दारात आले. मॅडमनी त्यांना फुटाणे दिले आणि विषय काढला नाही.

यंत्रावरही त्यांचा असाच अर्धा विश्वास. यंत्रानं प्लेटलेट कमी दाखवल्या की त्या काच रंगवून स्वतः मोजायच्या. कारण कधीकधी नळीतल्या औषधामुळं प्लेटलेटचे पुंजके होतात आणि यंत्र पुंजक्याला एकच धरतं. अशा पुंजक्यांपायी एका धडधाकट पोरीला प्लेटलेटची पिशवी चढवायची तयारी झाली होती, ती मॅडमनी फोनवर ओरडून थांबवली. वेगळ्या नळीत परत रक्त घेतलं तर पोरीच्या प्लेटलेट माझ्यापेक्षा जास्त निघाल्या.

आता आक्कांची गोष्ट सांगते. मॅडम कशा होत्या असं कुणी विचारलं की मी हीच सांगते.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी डेंगीची साथ होती. सगळं कोल्हापूर दोनच शब्द बोलत होतं, प्लेटलेट आणि पपई. पपईच्या पानांचा रस प्यायल्यानं प्लेटलेट वाढतात अशी लोकांची श्रद्धा, त्यामुळं कुणाच्या परसात पपईचं झाड धड राहिलं नव्हतं. अशात मुरगूडच्या पलीकडच्या एका गावातून एक सून आपल्या सासूला घेऊन आली. सासू साठीच्या अलीकडची, अंगानं भरलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज असा की बाहेरच्या रिक्षावाल्यानं वळून बघावं. त्या आक्का. सून सांगू लागली की ताप जाऊन महिना होत आला तरी प्लेटलेट वर येईनात. रोज वाटीभर रस पाजतोय.

ह्या आक्का साध्यासुध्या नव्हत्या. त्यांच्या गावातलं देशी दारूचं दुकान त्यांनी बायकांना घेऊन बंद पाडलं होतं. आमच्याकडे त्याला आडवी बाटली म्हणतात. गावातल्या बायकांनी मतदान करायचं. मतपत्रिकेवर एक बाटली उभी आणि एक आडवी. आडवीवर पुरेशा बायकांचे शिक्के पडले की दुकानाला कुलूप. आक्का दारोदार हिंडल्या, मारहाणीच्या धमक्या ऐकल्या आणि बाटली आडवी करून दाखवली. हे सगळं सुनेनं मला अभिमानानं सांगितलं. तोवर मॅडमचा उजवा डोळा आक्कांवर लागला होता.

काचेवर पुंजके नव्हते. प्लेटलेट खरोखरच कमी होत्या, नव्वद हजारांच्या घरात. मॅडमनी मला उरलेल्या रक्तावर लिव्हरच्या तपासण्या लावायला सांगितल्या. चौघं पंगतीला बसले आणि उत्तर पाचच्या पुढं गेलं. मॅडमनी आक्कांना बाकावर घेतलं, बरगडीखाली हात घातला. वाढलेली पाणथरी हाताला लागली.

"आक्का, ही डेंगी न्हाय," त्या म्हणाल्या. "डेंगी आली आसंल, गेली. हे दुखनं लई आधीचं हाय. तुमच्या लिव्हरवर वण पडल्यात आसं वाटतंय."

आक्का ताडकन उठून बसल्या. "लिव्हर? मला?"

"ऊसाला पानी पाजताना पाटात कचरा आडकला तर काय हुतंय? पानी मागं फुगतंय, बाजूच्या सरीत घुसतंय. तसं झालंय. आतड्याकडनं येनारं रगत लिव्हरमधनं नीट जाईना, त्येचा दाब मागं पडतोय. त्यानं पानथरी सुजली, तिनं प्लेटलेट धरून ठिवल्या. आन् त्योच दाब अन्ननळीतल्या शिरंवर असंल तर ती शीर फुटू शकती. रगतावरनं मला अंदाज येतोय, दाब मोजता येत न्हाय. दुर्बीण घालून बघाय पायजे. लौकर."

मला वाटलं बाई घाबरेल. आक्का घाबरल्या नाहीत, लाल झाल्या. मग त्यांनी दाराकडे बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "डॉक्टरीनबाई, लिव्हर दारुड्यांचं बिघडतंय. मी उभ्या जन्मात थेंबाला शिवलो न्हाय. गावात कळलं तर काय म्हनतील? दुकानवाला परत उघडाय टपलाय. पुढल्या आठवड्यात गावसभा हाय, तिथं त्यो इषय काढनार. बाटली आडवी केली आन् घरात बसून रिचीवली म्हनतील. तुमी डेंगीच लिवा की."

"दारू न पिताबी हुतंय. साखर हाय तुमाला, वजन हाय. चरबीनं सुरू हुतंय आन् वणावर जातंय."

"ते तुमाला कळतंय. गावाला कोन सांगनार?" असं म्हणून त्यांनी पदर खोचला. "डेंगी लिवा, न्हायतर कायबी लिवू नका."

मॅडमनी डेंगी लिहिलं नाही. आक्का रिपोर्ट न घेताच निघून गेल्या. सून मागं वळून वळून बघत गेली.

पुढचे दिवस मॅडमनी आमचा जीव खाल्ला. काचा परत रंगवायला लावल्या, फुटाणे मऊ पडलेत म्हणून डबा माझ्यापुढं आपटला. सुनेला फोन केला की ती रडायची. म्हणायची, ऐकत नाहीत, रसच मागतात. चौथ्या-पाचव्या फोननंतर मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "पोरी, रगताच्या नळ्या पिशवीत भर. आपुन गावाला जायाचं." मी विचारलं, "पेशंटनं बोलावलंय का?" तर म्हणाल्या, "आता मानसाच्या घरी जायाला आवतान लागतंय व्हय?"

त्यांची जुनी मारुती त्या स्वतः चालवायच्या आणि हॉर्न हा ब्रेकला पर्याय आहे असं त्यांचं मत होतं. कशाबशा पोचलो. आक्कांच्या परसात पपईचं झाड उभं होतं. एकही पान नाही, नुसता दांडा आणि शेंड्याला चार कच्ची फळं. मॅडम त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "ह्येचं मातूर लिव्हर गेलं बघ."

आक्कांनी दारात बघितलं आणि चेहरा कडक केला, पण पाहुण्याला परत लावायची पद्धत त्या गावात नाही. पाणी आलं, चहा आला, पोहे आले. मॅडमनी चहा बिनसाखरेचा मागून घेतला. मग एवढंच म्हणाल्या, "तुमचं नाव माझ्या तोंडातनं जायाचं न्हाय, आक्का. ते माझं कामच न्हवं. पर माझं सांगायला मला कोन आडवनार? दुपारी बायकांना गोळा करा. दारू न पिनाऱ्यांचं लिव्हर बघाय आलोय म्हनावं."

दुपारी देवळाच्या मंडपात बायका जमल्या. बातमी लागली तशी कडेला पुरुषही उभे राहिले. त्यांत दारूच्या दुकानवाल्याचा मेहुणा होता, हे मला सुनेनं हळूच सांगितलं. मॅडमनी माईक नको म्हटलं. त्यांना तो कधीच लागला नाही.

"मी रगत तपासनारी डॉक्टर," त्यांनी सुरुवात केली. "माझ्या घरात कुनी दारू आनली न्हाय, मी पिली न्हाय. गेल्या म्हैन्यात माझी सोनोग्राफी झाली. माझ्या लिव्हरवर चरबी हाय. वण न्हाईत अजून, माझं उत्तर बरं आलंय, खोटं कशाला सांगू. पर आशीच गोड खात बसलो तर वणबी येतील. आन् आले तर कळायचंबी न्हाय, कारन दुखत न्हाय."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. डॉक्टरीण स्वतःचंच दुखणं चव्हाट्यावर मांडते हे त्यांना नवीन होतं. मलाही नवीन होतं. त्यांच्या सोनोग्राफीचं मला माहीतही नव्हतं.

तेवढ्यात तो मेहुणा कडेनं म्हणाला, "डॉक्टरीनबाई, लिव्हरला चरबी म्हंजे रोज सांजच्याला थोडी थोडी घेत आसशिला की. आमाला काय, सांगा मोकळ्यानं." पुरुष हसले. काही बायकाही पदराआड हसल्या.

माझं डोकं तडकलं. मॅडम मात्र उत्तर द्यायच्या आधी चष्मा पुसत होत्या. त्या काय बोलल्या असत्या ते मला कधीच कळणार नाही, कारण त्यांच्या आधी आक्का उठल्या होत्या.

"ए," आक्का म्हणाल्या, आणि मंडपातलं हसू बंद झालं. "पावनी हाय ती माझी. माझ्या घरात पानी पिऊन आलीया. तिला काय इचारतोस? मला इचार की." त्यांनी एकदा सुनेकडे बघितलं. "माझं लिव्हर खराब झालंय. चरबी न्हाय, वणच पडल्यात. आता बोल. मला पिताना बघितलास कवा? तुज्या भावजीच्या दुकानाला कुलूप घालताना बघितलास तेवढं सांग. आन् पिनारी म्हनायचं आसंल तर म्हन, मी हितंच हुबा हाय."

मेहुणा मोबाइलमध्ये बघायला लागला. ज्या बायकांच्या दारोदार आक्का हिंडल्या होत्या त्या सगळ्या त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्या एका क्षणात सगळं जाऊ शकलं असतं, त्यांची इज्जत आणि ते कुलूपही. मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी हात पुढं करून माझ्याकडे सरकली. "पोरी, माझं काढ रगत. मलाबी साखर हाय." तिच्यामागं दुसरी आली. माझ्याजवळच्या नळ्या संपल्या तरी रांग संपेना. मॅडमनी सतरंजीवरच बायकांना आडवं करून पोटं चाचपायला सुरुवात केली आणि प्रत्येकीला विचारत सुटल्या, "डॉक्टरनं कवा पोटावर हात ठिवलाय काय तुझ्या?"

परत येताना मी विचारलं, "मॅडम, आक्का उठतील हे तुम्हाला माहीत होतं?"

"मी काय नाटक कंपनी हाय?" त्या म्हणाल्या. घाट नाही, वळण नाही, तरी त्यांनी जोरात हॉर्न वाजवला. "पर मी तिच्या घरात पानी पिलो हुतो न्हवं?"

आक्कांची दुर्बीण त्याच आठवड्यात झाली. अन्ननळीतल्या शिरा फुगलेल्या होत्याच. त्यांना रबराचे बंद घालून बांधलं आणि दाब उतरवायची गोळी सुरू केली. दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांनी मॅडमना फोन करून सांगितलं की वेळेवर आल्या, शीर फुटली असती तर मुरगूडहून कोल्हापूर गाठणं अवघड होतं. मॅडमनी नुसतं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग मला हाक मारून फुटाण्यांचा डबा पुढं केला. त्यांच्याकडून एवढी शाबासकी मला आयुष्यात दुसऱ्यांदा मिळाली नाही. गावसभेत दारूच्या दुकानाचा विषय निघालाच नाही. कुलूप अजून तसंच आहे.

आता मॅडम दुकानात येत नाहीत. डावा डोळा दमला म्हणतात. बिद्रीकडं भावाजवळ राहतात आणि तिथून फोन करून माझ्यावर ओरडतात. त्यांच्या खुर्चीवर एक तरुण डॉक्टर बसतो. हुशार आहे, नम्र आहे, दोन नळ्यांचा मायक्रोस्कोप त्यानं आल्या आल्या घेतला.

परवा आक्का आल्या. दर सहा महिन्यांनी येतात. वजन उतरलंय, कुंकू तेवढंच आहे. बाहेर बाकडी गच्च भरलेली. आक्कांनी काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि रस्त्यापलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझा लिव्हरचा रिपोर्ट झाला का गं?"

नवे डॉक्टर बिचारे संकोचून बाहेर आले. "आजी, जरा हळू. सगळे ऐकताहेत."

"ऐकू देत की. चोरी केलीया काय मी?" आक्कांनी त्यांना खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. "आन् नुस्ता कागूद देतासा व्हय? पोटावर हात ठिवलासा काय?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी आत गेले, बाकावरची चादर झटकली आणि आक्कांना झोपायला उशी ठेवली.